कंजेशनला 'गर्दी' नको, 'कोंडी' म्हणा

एका ताईंचा प्रश्न आलाय. विजेवरच्या एका लेखाचं मराठी करताहेत, त्यात ग्रिडवरचं, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या तारांच्या जाळ्यावरचं, कंजेशन कमी करायला कॉम्पिटिटिव्ह बिडिंग घेतात असं वाक्य आहे. त्यांनी 'गर्दी निवारणासाठी स्पर्धात्मक निविदा' असं लिहिलं, पण वाचताना ते रेल्वे स्टेशनचं काहीतरी वाटतंय म्हणाल्या.

ताई, तुमच्या कानाला खटकलं ते बरोबरच खटकलं. दोन्ही शब्द बदला.

आधी गर्दी. गर्दी म्हणजे एका जागी खूप जण जमलेत एवढंच. ग्रिडवर काय होतं, तर तारेतून ठरावीक मर्यादेपर्यंतच वीज नेता येते, त्यापुढे तार तापते, लांबते, खाली लोंबायला लागते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तर हवाच ४५ डिग्रीवर असते म्हणजे ती मर्यादा अजून खाली येते. मग एका बाजूला स्वस्त वीज तयार असते, दुसऱ्या बाजूला मागणी असते, आणि मधली लाईन भरलेली. आपल्याकडे विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूरला वीज बनते आणि मोठं गिऱ्हाईक तिकडे मुंबई-पुण्याकडे, त्यामुळे हे समजायला आपल्याला लांब जावं लागत नाही. इथली वीज तिकडे न्यायला चंद्रपूर ते मुंबईजवळचं पडघे अशी स्वतंत्र डीसी (एकदिश प्रवाहाची) लाईनच टाकलीय. आता लाईन भरली की स्वस्त वीज मागे कोंडून पडते. म्हणून कोंडी. 'कोंडणे' ह्या क्रियापदात बाहेर पडायला वाट नाही हा अर्थ मुळातच आहे, तो गर्दीत नाही. फक्त वाहतूक कोंडीसारखं चित्र डोळ्यापुढे आणू नका, कारण तारेत वीज रांग लावून उभी राहत नाही, अडतं ते वीज केंद्र, त्याला बॅक डाऊन करायला सांगतात म्हणजे लोड उतरवायला लावतात.

आणि कोंडी म्हणजे टंचाई नाही हेही भाषांतरात सांभाळा! भारनियमन म्हटलं की आपल्याला वीजच कमी पडली असं वाटतं. कोंडीत वीज असते, वाट नसते. सोलापूर-रायचूर ही ७६५ केव्हीची लाईन ३१ डिसेंबर २०१३ ला सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाच्या ग्रिडला जोडलं गेलं, त्याआधी आणि नंतरही काही काळ एकाच दिवशी एकाच पॉवर एक्स्चेंजवर, म्हणजे वीज खरेदी-विक्रीच्या बाजारात, दक्षिणेत वीज महाग आणि इकडे स्वस्त असं व्हायचं, कारण न्यायची वाट अपुरी होती. ह्याला टंचाई म्हटलं तर कारणच चुकतं.

आता बिडिंग. इथे मला जास्त बोलायचंय, कारण लिलाव, हर्रास, निविदा, बोली हे सगळे एकच समजून आपण लिहीत सुटतो. लिलाव पोर्तुगीजांकडून आला. हर्रास मूळचा अरबी, आणि आपल्या विदर्भात अजून जिवंत आहे, रेतीघाटाचा हर्रास असंच म्हणतात. पण दोन्हीत आकडा चढतो. आंबिया बहाराच्या दिवसात नागपूरच्या कळमना बाजारात सकाळी जाऊन उभे राहा, संत्र्याच्या ढेरापुढे अडत्या आकडा पुकारतो, व्यापारी वर वर नेतात, शेवटचा चढा आकडा ज्याचा माल त्याचा. कोंडी सोडवताना एवढं सरळ नसतं. कोंडीच्या अलीकडच्या केंद्राला उत्पादन कमी करायचं असतं, त्याचं इंधन वाचतं म्हणून तो काही पैसे परत द्यायला तयार असतो, त्यातला जास्त देणारा निवडतात. पलीकडच्याने उत्पादन वाढवायचं असतं, तिथे कमी मागणारा निवडतात. म्हणजे एकाच व्यवहारात एक आकडा चढता आणि एक उतरता. नेदरलँड्समध्ये २०१९ पासून गोपॅक्स नावाची अशीच सोय आहे, कोंडीतल्या आणि कोंडीबाहेरच्या अशा दोन बोलींची जोडी लावतात आणि मधला फरक ग्रिड चालवणाऱ्या कंपन्या भरतात. लिलाव किंवा हर्रास म्हटलं की ह्यातली अर्धीच बाजू दिसते. 'बोली'ला चढउताराचं बंधन नाही, मी माझा आकडा बोललो, एवढंच. म्हणून बोली.

निविदा कुठे बसते? नवीन लाईन बांधायची असते तिथे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६३ खाली पारेषण लाईनसाठी निविदा काढतात, जो वर्षाला कमी आकार मागेल त्याला काम मिळतं. तीही कोंडी सोडवण्यासाठीच असते पण वर्षानुवर्षांचा मामला आहे, आणि तुमच्या लेखात रोजच्या रोज चालणारी गोष्ट दिसतेय.

तेव्हा वाक्य असं करा: 'ग्रिडवरची कोंडी सोडवण्यासाठी वीज केंद्रांकडून बोली मागवतात.' 'स्पर्धात्मक' गाळलं तरी चालेल, बोली मागवली म्हणजे स्पर्धा आलीच. 'निवारण' पण नको, कोंडी आपण सोडवतो किंवा फोडतो, निवारण तक्रारीचं करतात. ग्रिड मात्र ग्रिडच ठेवा, पारेषण जाळं लिहिलं तर चुकीचं नाही, पण कोराडीत काम करणारा माणूसही ग्रिडच म्हणतो.