'सील मारला' की 'सील मारलं'?

तुम्ही विचारलंय की इंग्रजीतल्या 'सील'चे समुद्रातला प्राणी, शिक्का आणि बंद करणं असे अर्थ कसे झाले, आणि त्यांचा आपसात काही संबंध आहे का.

प्राण्याचा कुणाशीच नाही. तो जुन्या इंग्रजीतल्या 'सेओल्ह'वरून आला आणि झिजत झिजत उच्चार दुसऱ्या शब्दासारखा झाला. तो दुसरा लॅटिनमधला: 'सिग्नुम' म्हणजे खूण, 'सिगिल्लुम' म्हणजे छोटी खूण. फ्रेंचमार्गे तो इंग्लंडात पोचला. 'साइन' त्याचा चुलतभाऊ.

शिक्का आणि बंद करणं मात्र एकाच घरचे. हे नातं मला निवडणुकीच्या ड्यूटीवर नीट कळलं. मतदान संपल्यावर मेणबत्तीवर लाखेची कांडी धरायची, लिफाफ्याच्या जोडावर थेंब पाडायचे आणि त्यावर पितळी मुद्रा दाबायची. घाई केली की लाख मुद्रेलाच चिकटून वर येते, उशीर झाला की अक्षरं उमटत नाहीत. (बोट भाजतं ते वेगळंच.) लिफाफा काय, डिंकानेही बंद झाला असता. पण मधे कुणी तो उघडला तर लाख फुटणार आणि तशी अक्षरं पुन्हा उठवायला ती मुद्रा लागणार. पुढे अक्षरं गळाली, बंद करणं तेवढं उरलं. म्हणून बाटलीचं सील, आणि मेकॅनिक म्हणतो ते 'शॉकअपचं सील गेलंय', म्हणजे रबर झिजून नळीवर तेलाची कड दिसायला लागली. कुकरच्या रबराला मात्र आपण रिंगच म्हणतो, का कोण जाणे.

आपल्याकडे ही कामं वाटून दिलेली होती. शिवकालीन पत्रात वर राजाची मुद्रा, 'प्रतिपच्चंद्रलेखेव'वाली. मजकूर संपला की खाली छोटं मोर्तब, 'मर्यादेयं विराजते'. म्हणजे पत्राची हद्द इथवर, यापुढे कुणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. शिक्का आणि मोर्तब दोन्ही झाले की पत्र पक्कं, तेच आपलं 'शिक्कामोर्तब'.

अमेरिकन नौदलाच्या सील कमांडोंचा यातल्या कुणाशीच संबंध नाही. समुद्र, हवा आणि जमीन यांच्या इंग्रजी शब्दांतली अक्षरं जोडून 1962 मध्ये त्या तुकड्यांचं नाव पडलं.

आणि मराठीत गोंधळ व्हायची भीती फारशी नाही. शिक्क्याचं, बाटलीचं, शॉकअपचं सील नपुंसकलिंगी, प्राणी पुल्लिंगी. 'दुकानाला सील ठोकलं' म्हणजे पालिकेची माणसं येऊन गेली. 'सील मारलं' म्हणजे कागद पुढच्या टेबलावर सरकला. 'सील मारला' म्हणालात तर मात्र शिकार कुठे केलीत ते सांगावं लागेल, कारण आपल्या समुद्रात तो राहत नाही.