कौल मानायचा, शब्द पाळायचा

धरमपेठेतल्या आमच्या शेजारची मुलगी वादस्पर्धेची तयारी करते आहे. विषय ब्रिटनचा आहे: युरोपीय संघातून बाहेर पडायचं की नाही यावर २०१६ मध्ये सार्वमत झालं, त्याचा निकाल सरकारने अमलात आणायलाच हवा होता, की लोकांना पुन्हा विचारायला हवं होतं? परवा भाषणाचे कागद घेऊन आली आणि म्हणाली, “काकू, इंग्रजीत सारखं येतं की निकाल ‘ऑनर’ करा. मी ‘सार्वमताचा सन्मान करा’ असं लिहिलंय, पण मोठ्याने वाचलं की खटकतं. ‘पाळा’ म्हणू, ‘माना’ म्हणू, की ‘आदर राखा’? आणि सार्वमत, जनमत, कौल हे सगळं एकच ना?”

तेव्हा चहा होता होता जे सुचलं ते सांगितलं. ते अपुरं होतं, म्हणून आता नीट लिहिते.

तुला खटकलं ते बरोबरच आहे. सन्मान माणसाचा होतो. निकालाचा सन्मान करा म्हटल्यावर सरकारने उद्या सकाळी उठून काय करायचं, हे त्या शब्दातून कळत नाही. आदराचंही तसंच आहे. मनात पुरेपूर आदर ठेवून माणूस जागचा न हलता बसू शकतो. ब्रिटनमधलं भांडण मात्र हलायचं की नाही, आणि हलायचं तर किती, यावरच होतं.

आता कौल. हा शब्द मला फार आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळते. घरावरचं कौल वेगळं, ते नपुंसकलिंगी. आपला हा कौल पुल्लिंगी, मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला. मूळ अर्थ बोल, वचन. कव्वाली हा शब्दही त्याच घरातला. मराठीत आल्यावर या कौलाला दोन अंगं फुटली. एक दरबारी. पडीक जमीन लागवडीला यावी म्हणून राज्यकर्ते रयतेला कौल देत, म्हणजे इतकी वर्षं इतकाच सारा घेऊ असं लेखी अभय. तो कागद म्हणजे कौलनामा. ‘कौलकरार’ हा जोडशब्द तिथलाच. दुसरं अंग देवळातलं. तळकोकणात आणि गोव्यात मूर्तीला फुलं किंवा पाकळ्या चिकटवून देवाला कौल लावतात, आणि कुठल्या बाजूची आधी पडते त्यावरून उजवा (म्हणजे होकार) की डावा (म्हणजे नकार) ते ठरतं. पहिल्या अंगात कौल वरून खाली येतो, सरकारकडून रयतेकडे. दुसऱ्यात माणूस खाली उभा राहून विचारतो आणि वरून उत्तर येतं. ‘जनतेचा कौल’ म्हणताना आपण हे दुसरं अंग घेतलं आणि देवाच्या जागी मतदाराला बसवलं. कुणी बसवलं कोण जाणे, पण लोकशाहीसाठी याहून नेमका शब्द मला तरी सापडलेला नाही.

जाता जाता एक तक्रार. मतदानोत्तर चाचण्यांच्या बातम्यांना हल्ली ‘चाचण्यांचा कौल’ असा मथळा देतात. तो कौल नव्हे, अंदाज. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घट मांडून पीकपाण्याचं सांगतात, त्याला आपण भाकीत म्हणतो. तिथे कुणी कौल म्हणत नाही. गावकऱ्यांना कळतो तो फरक मथळे देणाऱ्यांनीही पाळावा.

सार्वमतावर थोडक्यात. सर्वभूमीवरून सार्वभौम, तसं सर्वमतावरून सार्वमत. याचा अर्थ सगळ्यांचं एक मत असा घेऊ नकोस, त्याला एकमत म्हणतात. सार्वमत म्हणजे सगळ्यांना विचारून घेतलेलं मत. २३ जून २०१६ला ब्रिटनमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झालं. त्यातले ५१.९ टक्के बाहेर पडा म्हणाले, ४८.१ टक्के राहा म्हणाले. स्कॉटलंडमध्ये तर ६२ टक्क्यांना राहायचं होतं. सार्वमत झालं, पण एकमत जवळपासही नव्हतं.

आता तुझं क्रियापद. मराठीत कौल मानतात आणि शब्द पाळतात. वचन, करार, पथ्य, नियम, हे सगळं पाळायचं असतं, कारण ते आपण स्वतःवर बांधून घेतलेलं असतं. कौल समोरच्याचा असतो, तो मानायचा असतो. ‘ऑनर’मध्ये ही दोन्ही कामं एकाच शब्दात कोंबलेली आहेत. ब्रिटनमधल्या भांडणाचा मोठा भाग मला त्या कोंबण्यातच दिसतो.

कसं ते बघ. २०१५च्या ज्या कायद्याने सार्वमत घेतलं, त्यात निकाल सरकारवर बंधनकारक करणारं कलम नव्हतं. तिथेच २०११ मध्ये मतदानपद्धतीवर सार्वमत झालं होतं, त्याच्या कायद्यात तसं कलम होतं. म्हणजे घालायचं असतं तर घालता आलं असतं. पण मतदानाआधी सरकारने घरोघर एक पत्रक पाठवलं आणि त्यात लिहिलं की निर्णय तुमचा आहे, तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. हा कौलनामाच झाला की! बाहेर पडणारे या पत्रकावर बोट ठेवून ‘शब्द पाळा’ म्हणत होते. पुन्हा विचारा म्हणणारे कायद्यावर बोट ठेवत होते. शिवाय त्यांचं म्हणणं होतं की लोकांनी फक्त ‘बाहेर’ म्हटलंय, कुठल्या अटींवर ते कुणी विचारलंच नाही. उजवा-डावा कळला, पुढची वाट कळली नाही. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं की संघातून बाहेर पडण्याची नोटीस द्यायची तर आधी संसदेचा कायदा हवा. लोक सार्वभौम की संसद सार्वभौम, हाच खरा वाद होता. शेवटी ३१ जानेवारी २०२०ला ब्रिटन बाहेर पडलं.

उदाहरण आपल्या जवळचं हवं असेल तर गोव्याचं घे, कारण तिथे निकाल आपल्या विरुद्ध गेला होता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, यावर १६ जानेवारी १९६७ला मतदान झालं. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. पानांना १,७२,१९१ मतं पडली, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी मतदान निःपक्ष व्हावं म्हणून आधीच राजीनामा दिला होता. हरल्यावर काही आठवड्यांतच त्यांचा पक्ष विधानसभा निवडणूक जिंकला आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. लोकांनी त्यांचं म्हणणं नाकारलं, त्यांना नाही. आणि गोवा वेगळाच राहिला. कौल मानणं म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी हेच सांगते. उलट ग्रीसमध्ये ५ जुलै २०१५ला ६१ टक्के लोकांनी कर्ज देणाऱ्यांच्या अटींना नाही म्हटलं, आणि सव्वा आठवडा उलटायच्या आत त्यांच्या सरकारने कडक अटी मान्य केल्या. त्याला मराठीत ‘कौल डावलला’ म्हणतात. नाइलाज होता की नव्हता, हा पुढचा प्रश्न.

आणि आपलं नागपूर. जानेवारी २०१४ मध्ये जनमंच या संघटनेने वेगळ्या विदर्भासाठी इथे मतपेट्या मांडून लोकांचं मत घेतलं. वेगळ्या राज्याच्या बाजूने प्रचंड मतं पडली. पण ‘सरकारने तो कौल पाळला नाही’ असं तुला लिहिता येणार नाही, कारण सरकारने आधी काही शब्द दिलेलाच नव्हता. ‘दखल घेतली नाही’ म्हण, ते खरं आहे आणि तेही कमी दुखणारं नाही. याउलट विदर्भाला महाराष्ट्रात घेताना झालेला २८ सप्टेंबर १९५३चा नागपूर करार. त्यात दरवर्षी विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन नागपुरात घ्यायचं ठरलं होतं. तिथे ‘पाळला की नाही’ हेच क्रियापद लागतं. बर्डीवर कुठल्याही टपरीपाशी उभी राहा, लोक करारासाठी ‘पाळणे’च वापरतात. कुणाला व्याकरण शिकवावं लागत नाही.

माझं मत विचारलंस म्हणून सांगते. हरलेल्यांनी कौल मानावा, पण मत बदलायची सक्ती त्यांच्यावर नाही. नव्या कौलासाठी लोकांपुढे जायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. शब्द पाळायची जबाबदारी मात्र ज्याने दिला त्याची, आणि पाळता येत नसेल तर तसं उघडपणे सांगून पुन्हा विचारण्याचीही त्याचीच.

तेव्हा पहिल्या पानावरचं वाक्य असं कर: ‘विरोधकांनी कौल मानायला हवा होता आणि सरकारने दिलेला शब्द पाळायला हवा होता.’ तू दुसऱ्या बाजूने बोलणार असशील तर: ‘कौल आम्ही मानतो, पण ज्या अटी लोकांपुढे कधी ठेवल्याच नाहीत, त्यांवर त्यांचा कौल आहे असं म्हणता येत नाही.’ ‘सन्मान’ दोन्हीकडून काढून टाक.