आधी खड्डे घे, मग नकाशा काढ

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

औसा रोडच्या साडेचार एकरांचा लेआउट तुझ्याकडे आला, बरं वाटलं. नकाशा पाहिला, रेघा सुबक आहेत. पण उत्तरेकडून येणारा ओघळ त्यात कुठंय? मालकानं जेसीबी लावून बुजवला असेल, पण पावसाला ते कोण सांगणार? भूमी अभिलेखातून जुना गाव नकाशा काढ, सापडेल. दहा टक्के मोकळी जागा तू प्लॉट बसत नाही त्या तिकोनी तुकड्यात ढकललीस. ती ओघळाच्या कडेनं घे. मालक कुरकुरेल, कुरकुरू दे.

आपली जुनी माणसं पांढरीत, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीत राहायची, काळीत, म्हणजे काळ्या शेतजमिनीत पेरायची. आता पांढरी पुरत नाही, सोयाबीनच्या रानात प्लॉट आखायच्या फक्कीच्या रेघा पडल्यात. त्यावर गळा काढणारा मी नाही. पोरांच्या शिकवणीसाठी माणसं शहराकडं येणारच. पण काळी उन्हाळ्यात भेगाळते अन् पावसात फुगते, वर शेत असो की बंगला.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका मास्तरांच्या घराचा पाया मी तीन फुटांवर थांबवला. पाया टेकवायचा घट्ट मुरूम अजून अडीच फूट खाली होता, पण वास्तुशांतीची तारीख ठरली होती. पुढच्या मे महिन्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेली, रुपयाचं नाणं सहज आत जाई. पावसाळ्यात ती मिटली. मास्तर म्हणाले, "बुजली की हो!" मी नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याची लाज अजून वाटते. पुढच्या उन्हाळ्यात दोन नाणी जात होती.

म्हणून मुरूम किती खोल आहे ते बघायला चारी कोपऱ्यांत अन् मधोमध खड्डे घे. मुरूम फार खोल असेल तर अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खोल काँक्रीटचे खांब सुचव. प्लिंथ अन् लिंटलचे, म्हणजे जोत्यावरचे अन् दारं-खिडक्यांवरचे काँक्रीटचे पट्टे सोडू नकोस. 1993 च्या किल्लारी भूकंपात माळवदाच्या जड मातीच्या छपराखाली माणसं गेली, तेव्हापासून लोकांना स्लॅब म्हणजे सगळं वाटतं.

कागदांचं थोडक्यात: सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन दिसली तर थांब, इकडं देवस्थान इनामं पुष्कळ आहेत. महारेरा, म्हणजे घर-प्लॉटच्या प्रकल्पांवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, त्याच्या नोंदणीआधी बुकिंग नाही. खरेदीखत न करता नुसत्या बॉन्डपेपरवर गुंठे विकायचं कानावर आलं, तर सही करू नकोस. अशा गुंठ्यांवरची घरं नियमित करायला 2001 साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला, तरी लोक अजून हेलपाटे घालतायत.

रविवारी सकाळच्या एसटीनं येतो. दोन मजूर सांगून ठेव.

तुझा,
काका