ब्रेक पॅड, कन्नड घाट आणि तुझा नवा पान्यांचा सेट

चि. भाचीस अनेक आशीर्वाद.

मेस्त्रीने पुढचे ब्रेक पॅड बदलायची मजुरी सांगितली, तू व्हिडिओ पाहिलास, नवा पान्यांचा सेट घेतलास आणि मला विचारलंस, "मामा, इतलं काय अवघड शे?" अवघड काहीच नाही. चाक काढायचं, कॅलिपरचा, म्हणजे पॅड चकतीवर दाबणाऱ्या भागाचा बोल्ट सोडायचा, त्यातला पिस्टन मागे दाबायचा, नवे पॅड बसवायचे. तरी सध्या माझं उत्तर 'नको' असंच आहे.

"मला जमेल का?" हा प्रश्न मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिला प्रश्न असा, की काम चुकलं तर ते कुठे कळेल? बॅटरीचं टर्मिनल ढिलं राहिलं तर सकाळी गाडी दारातच चालू होणार नाही. शेजारच्या दादांना हाक मारायची, विषय संपला. पण पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीस लागलं, तर ते कळेल कन्नड घाटात, पुढे एखादी गाडी असताना. तू दर पंधरवड्याला तोच घाट उतरून चाळीसगावला येतेस.

घाटाचा विषय निघालाच आहे तर ब्रेक ऑइलचंही सांगतो, कारण ते कोणी बघत नाही. ते हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की ते तापतं, आत वाफ धरते आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. म्हणून घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं आणि दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्यायचं, गॅरेजमध्येच. ब्रेकच्या नळीत हवा राहिली तर हात दाखवून अवलक्षण.

आता तू खुशाल करावंस असं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर धरतो, तो तूच साफ कर. इंजिन बंद, आधी काळी म्हणजे निगेटिव्ह वायर सोडायची, मग लाल. उलट केलंस आणि लाल सोडताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडेल. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायचं. सोडा फसफसतो, थर सुटतो, खाली शिशाचा करडा रंग दिसतो. पुसून कोरडं करायचं, वर थोडं व्हॅसलीन. लावताना आधी लाल, शेवटी काळी. आपल्याकडचा उन्हाळा बॅटरीचं आयुष्य खातो, तेव्हा हे मार्चमध्येच उरकून घे.

एअर फिल्टरही तुझाच. कापसाच्या हंगामात जिनिंगजवळच्या रस्त्याने येतेस तर तो लवकर भरणार. वायपर, फ्यूज, बल्ब, टायरची हवा यांना मेस्त्री कशाला? स्टेपनी लावायची सवय मात्र घरी, सपाट जागेवर कर. नट आधी सैल करायचे, मग जॅक लावायचा. आणि नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, पडलेला नट उचलायलासुद्धा नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बघणं सोपं, पण इंजिन गार असताना. मे महिन्यात जळगावचा पारा ४४-४५ ला टेकलेला असतो, आत दाबाखाली पाणी त्याहून कितीतरी तापलेलं. गरम झाकण उघडलं तर तोंड भाजेल. तापमानाचा काटा लाल रेघेकडे गेला की बाजूला थांब, इंजिन बंद कर, वाट बघ.

इंजिन ऑइल घरी बदलता येतं, पण मी बदलत नाही. वाचते ती मजुरी, आणि अंगणात राहतं तीन-चार लिटर काळं तेल, जे नाल्यात ओतणं पाप आहे. तेल काढायच्या ड्रेन बोल्टचे आटे गेले तर चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. एअरबॅग, टायमिंग बेल्ट, एसीचा गॅस यांच्या वाटेला जाऊच नकोस. पुढेमागे सीएनजी लावलास तर त्यालाही हात नाही. भरलेल्या टाकीत २०० बारच्या आसपास दाब असतो.

गॅरेजला गेलीस की "सस्पेन्शन बदला" असं सांगू नकोस. आवाज कधी येतो, थंड असताना की तापल्यावर, डावीकडे वळताना की स्पीडब्रेकरवर, एवढंच सांग. निदान त्याला करू दे. तू निदान सांगितलंस तर काही जण तेच बदलून देतात, आवाज तसाच राहतो आणि बिल तुझ्या नावावर. जुना पार्ट मागून घे. चांगला मेस्त्री तो न मागता दाखवतो, माझी पारख तीच.

तर पॅड. विकत तूच घे, दुकानात मॉडेल, साल आणि चॅसी नंबर दाखव, बिल ठेव. येत्या रविवारी माझ्या ओळखीच्या मेस्त्रीकडे जाऊ. एक बाजू तो करेल, दुसरी तू करायची, तो शेजारी उभा राहील. मी आधीच बोलून ठेवतो. मजुरी पूर्ण द्यायची, तिथे घासाघीस नको. काम झाल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबायचं, हे व्हिडिओत असेलच, तरी लिहून ठेवतो. सकाळी आठच्या आत ये, नंतर त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहवत नाही.

तुझा,
मामा