सशाचं पिल्लू खात नाही? आधी लेंड्या बघा

ताई, ससा सकाळपासून गप्प बसलाय आणि गाजरालाही तोंड लावत नाही म्हणता, तर आधी पिंजऱ्याचा तळ बघा. वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्या पडताहेत का? पडत असतील तर थोडा धीर धरा. बारीक झाल्या असतील किंवा बंदच झाल्या असतील, पोट फुगलंय, दात कराकरा वाजवतोय असं दिसलं, तर रात्र काढू नका. सशाचं आतडं सतत चालू लागतं. दहा-बारा तास पोटात काहीच गेलं नाही तर पिल्लू हातचं जाऊ शकतं. कुत्र्या-मांजरांपुरत्या डॉक्टरांकडे नको, सशांची सवय असलेल्याकडे न्या, फोन करून विचारूनच निघा. घरातलं अमॉक्सिसिलिन (माणसांना देतात ते अँटिबायोटिक) तर चुकूनही पाजू नका, तोंडावाटे दिलेलं ते सशाला मारक ठरतं.

बाजारात चार-पाच आठवड्यांची, आईपासून लवकर तोडलेली पिल्लंही विकतात. माझं पहिलं तसलंच होतं. मी कौतुकानं पोळी, बिस्किट, कोबी भरवला आणि दुसऱ्या दिवशी पातळ जुलाब! तुम्ही सुकं गवत कायम समोर ठेवा. सहा महिन्यांपर्यंत सुका लसूणघासही (लसूण नव्हे, ल्युसर्न नावाचा चारा) चालतो. दुकानदार देत होता तोच खुराक आठवडाभर ठेवा, बदल हळूहळू करा. पाणी बाटलीऐवजी जड वाटीत द्या, जास्त पितात.

आणि पुण्यातला एप्रिल! पत्र्याखालच्या गॅलरीत ठेवला असेल तर आत्ताच आत, थंड फरशीवर आणा. उकाड्यानंही खाणं सुटतं.