घरात प्रार्थना आहे, मग जिव्हाळा का नाही?

प्रश्न : आम्ही इंदूरला छावणी भागात राहतो. सासरे मूळचे नगरकडचे. नोकरीच्या निमित्ताने इथे आले आणि इथलेच झाले. आमच्याकडे रोज रात्री जेवणानंतर कौटुंबिक प्रार्थना होते, ती कधी चुकत नाही. यजमान पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, भाग वाचतात आणि तेच प्रार्थना करतात. मात्र त्या प्रार्थनेत “प्रभू, या घरातल्या स्त्रियांच्या जिभेला लगाम घाल”, “या मुलाला मोबाइलच्या नादातून सोडव” अशी वाक्ये येतात. दिवसा काही वाद झाला असेल, तर रात्री इफिसकरांस पत्राचा, पत्नींनी पतीच्या अधीन असावे असे सांगणारा, पाचवा अध्याय हमखास निघतो. पंधरा वर्षांचा मुलगा हल्ली अभ्यासाचे निमित्त सांगून खोलीबाहेर येत नाही. सासूबाई म्हणतात, “घरात प्रार्थना तरी होते आहे ना, तू त्यात काही काढू नकोस.” यजमानांना व्यसन नाही, ते हात उगारत नाहीत, घराची जबाबदारी नेकीने सांभाळतात. तरीही घरात प्रेम जाणवत नाही. मी काय करावे?
— एक भगिनी, इंदूर

उत्तर : प्रिय भगिनी, आपल्या पत्रातली ती दोन वाक्ये वाचून मन कळवळले. समोर बसलेल्या माणसाला देवाशी बोलण्याच्या निमित्ताने सुनावले, की त्याला उत्तर देता येत नाही. डोळे मिटून ऐकून घ्यावे लागते आणि शेवटी स्वतःविरुद्धच्या तक्रारीला ‘आमेन’ही म्हणावे लागते. आपला मुलगा देवापासून दूर चालला आहे असे मला वाटत नाही. तो त्या ‘आमेन’पासून दूर पळतो आहे.

आता इफिसकरांस पत्राविषयी. घराबद्दलचा तो भाग पाचव्या अध्यायाच्या 22व्या वचनापासून वाचण्याची पुष्कळ घरांत सवय आहे. पण त्याच्या लगेच आधीच्या, 21व्या वचनात ख्रिस्ताचे भय धरून सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे असे सांगितले आहे आणि पुढचे सारे त्याच्या आधाराने उभे आहे. पत्नींसाठी तेथे तीन वचने आहेत. पतींसाठी 25व्या वचनापासून अध्यायाच्या शेवटापर्यंत मजकूर आहे आणि त्यात ठेवलेला नमुना मंडळीसाठी, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायासाठी, स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्ताचा आहे. सहाव्या अध्यायात मुलांना आज्ञा आहे, तशी बापांनाही आहे : मुलांना चिरडीस आणू नका. ज्या रोमी जगात घरातल्या सर्वांवर बापाचा जवळजवळ अनिर्बंध अधिकार चालत असे, त्या जगात हे लिहिले गेले. अशी पत्रे सर्वांसमक्ष वाचली जात, म्हणजे ही वाक्ये बायकामुलांच्या देखत त्या बापांच्या कानी पडत होती.

यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. प्रत्येक आज्ञा ज्याने पाळायची त्यालाच उद्देशून दिलेली आहे. पत्नीला अधीन करून घ्या, असे पतींना कोठेही सांगितलेले नाही, आणि पतीकडून प्रीती वसूल करा, असे पत्नींनाही नाही. आपल्या वाट्याचे वचन सोडून दुसऱ्याच्या वाट्याचे वचन हातात घेतले, की तेच शास्त्र घर जोडण्याऐवजी माणसे गप्प करू लागते. पेत्राच्या पहिल्या पत्रात, तिसऱ्या अध्यायाच्या सातव्या वचनात, पतींनी पत्नीला मान देऊन सुज्ञतेने वागावे असे सांगितले आहे, आणि कारणही दिले आहे : तुमच्या प्रार्थनांत व्यत्यय येऊ नये म्हणून. प्रार्थना रोज होत असूनही ती अडू शकते, हे प्रेषिताला ठाऊक होते. सासूबाईंच्या म्हणण्याचा मी अनादर करत नाही. प्रार्थनेत काही काढले तर ती बंदच पडेल, ही त्यांची भीती मी समजू शकते. पण दोष प्रार्थनेत नाही, तिच्या वापरात आहे, एवढे त्यांना प्रेमाने सांगता येईल.

यजमानांशी बोला, मात्र प्रार्थनेच्या वेळी नव्हे आणि मुलासमोर किंवा सासूबाईंसमोरही नव्हे. रविवारी उपासनेहून आल्यावर, जेवणखाण आटोपून दोघेच असाल ती वेळ बरी. प्रभूने मत्तयाच्या अठराव्या अध्यायात हाच मार्ग दाखवला आहे : भावाचा अपराध त्याला एकांतात दाखवावा. मागच्या सगळ्या रात्रींचा हिशेब मांडू नका. “मला तुमच्याबरोबर प्रार्थना करायची आहे, पण माझ्याविषयी जे बोलायचे ते दिवसा, माझ्यासमोर बसून बोला, म्हणजे मलाही उत्तर देता येईल,” एवढेच म्हणा आणि थांबा. त्यांनी काही बोलून दाखवले, तर तेही ऐकून घ्या.

वाचनासाठी एक सुचवते. मार्ककृत शुभवर्तमानाचे सोळा अध्याय क्रमाने घ्या. रोज अर्धा अध्याय घेतला तर महिनाभरात ते संपते. क्रम ठरला, की दिवसाच्या भांडणावरून अध्याय निवडण्याचा प्रश्नच उरत नाही. प्रार्थना पाळीपाळीने प्रत्येकाने करावी आणि घरातल्या माणसाचे नाव घ्यायचे ते त्याचे आभार मानण्यासाठी किंवा त्याने स्वतः सांगितलेल्या गरजेसाठीच घ्यावे, एवढे ठरवून टाका.

मुलाला ओढून आणून बसवू नका. त्याच्या वडिलांनी एकदा त्याच्या खोलीत जाऊन “मी प्रार्थनेत तुला टोचून बोलत होतो, ते चुकले,” असे म्हटले तर त्याला परत यायला वाट मिळेल. हे काम त्यांचेच आहे, ते आपण त्यांच्या वतीने करू नका. यजमान ऐकायलाच तयार नसतील, तर ते ज्यांचा शब्द मानतात अशा पाळकांना किंवा मंडळीतल्या वडीलधाऱ्या जोडप्याला विश्वासात घ्या.

हे उत्तर आपल्या घरासाठी आहे. ज्या घरात मारहाण किंवा धमकी आहे, तेथील भगिनींनी ते स्वतःला लावून घेऊ नये. मार खात राहणे ही विश्वासाची कसोटी नव्हे. अशा भगिनींसाठी कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005चा कायदा आहे आणि 181 हा महिला मदत क्रमांकही आहे.

प्रश्न : आमची नातवंडे इंदुरात हिंदीतच बोलतात. घरची प्रार्थना मराठीतच व्हावी, असा आग्रह मी धरू का?
— एक आजी, इंदूर

उत्तर : आजी, गीते मराठीत म्हणा, नारायण वामन टिळकांची भजने मुलांना चालीमुळे लवकर पाठ होतात आणि भाषा त्यांच्याबरोबर आपोआप येते. पण नातवंडांनी स्वतः प्रार्थना करताना ती हिंदीत केली तर टोकू नका. साध्या, न शिकलेल्या बायकांनाही समजावे म्हणून पंडिता रमाबाईंनी अखेरपर्यंत खपून केलेले बायबलचे सोपे मराठी भाषांतर 1924 साली, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. ऐकणाऱ्याला कळावे यासाठी त्यांनी एवढे कष्ट घेतले, तेव्हा वाचनाच्या वेळी एक वचन आपण मराठीत आणि तेच नातवाने हिंदीत वाचावे, अशी सुरुवात करून पाहा.