मुदतवाढ मागताना दिवसांची नुसती बेरीज करू नका

भाऊ, शिरपूर तालुक्यातल्या तुमच्या वसतिगृहाच्या कामाचं सगळं वाचलं. कार्यारंभ आदेश १ एप्रिलचा, मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत, काम संपलं २८ ऑगस्टला. उशीर १५० दिवस. मुदतवाढीसाठी तुमची कारणं, दिवसांत: जागेचा ताबा उशिरा ४५, पायाचं बदललेलं ड्रॉइंग ४०, पाऊस ३०, अडकलेलं आर. ए. बिल (काम चालू असताना झालेल्या कामाचं बिल) ६०. बेरीज होते १७५. उशीरच १५० दिवसांचा, मग कारणं १७५ दिवसांची कशी? समोरचा अभियंता पहिल्याच बैठकीत हे विचारेल आणि तुमची खरी कारणंसुद्धा संशयात येतील.

कोणती पद्धत वापरू, असं तुम्ही विचारलंय. ब्रिटनच्या सोसायटी ऑफ कन्स्ट्रक्शन लॉ या संस्थेची उशिरावरची मार्गदर्शिका आहे. दुसरी आवृत्ती २०१७ ची, त्यात सहा पद्धती दिल्यात. आपल्या करारावर ती बंधनकारक नाही, पण विचार करायला फार उपयोगी. मूळ बार चार्टमध्ये विलंबाच्या घटना घुसवून नवी तारीख काढायची, ही सगळ्यात सोपी पद्धत आणि बरेच कंत्राटदार तीच वापरतात. काम संपल्यावर ती लंगडी पडते, कारण साइटवर प्रत्यक्ष काय घडलं ते तिच्यात येतच नाही. उलट बाजूनेही जाता येतं: प्रत्यक्ष घडलेल्या कामातून, काम देणाऱ्या विभागामुळे झालेला उशीर वजा करायचा आणि काम केव्हा संपलं असतं ते पाहायचं. मूळ वेळापत्रक धड नसेल तर हा मार्ग बरा, पण कामांचे दुवे मागाहून जुळवावे लागतात आणि वाद तिथेच होतो.

तुमच्याकडे दर महिन्याचा प्रगती अहवाल आणि साइट डायरी आहे. म्हणून कामाचे टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्याच्या सुरुवातीला काम कधी संपेल असं दिसत होतं आणि शेवटी कधी, यातला फरक त्या टप्प्यातल्या कारणांवर टाका. तुम्ही दिलेल्या तारखा घेऊन मी मांडून पाहिलं.

पहिला टप्पा सरळ आहे. ताबा ४५ दिवस उशिरा, शेवट ३१ मार्चवरून १५ मेवर. दुसऱ्यात खरी मेख आहे. खड्डे घेतल्यावर काळी माती खोल निघाली, नव्या ड्रॉइंगची वाट १ जून ते १० जुलै. पावसाने काम बंद १६ जून ते १५ जुलै. यातले २५ दिवस दोन्हींत आहेत, ते एकदाच मोजायचे. म्हणजे शेवट आणखी ४५ दिवस सरकला. नेहमीचा पावसाळा सहसा कंत्राटदाराच्या माथी मारला जातो. पण तुमचा पाया एप्रिल-मेमध्ये व्हायचा होता. ताबा वेळेवर मिळाला असता तर खोदाई पावसाळ्यात गेलीच नसती. हे ठासून लिहा. काळ्या मातीच्या खड्ड्यात पाणी साचलं की काय होतं, हे विभागाच्या माणसालाही ठाऊक असतं.

बिलाचे ६० दिवस मात्र पूर्ण धरू नका. तेव्हा तळमजल्याचं प्लास्टर थांबलं, स्लॅब चालूच होता. प्लास्टरला ३५ दिवसांचा फ्लोट होता, म्हणजे तेवढं थांबलं तरी शेवटची तारीख हलत नव्हती, म्हणून शेवट सरकला २५ दिवसांनीच. क्रिटिकल पाथवर, म्हणजे ज्या कामांच्या साखळीवर शेवटची तारीख ठरते तिच्यावर, नसलेला उशीर कितीही त्रासाचा असला तरी मुदतवाढ देत नाही.

झाले ११५. उरले ३५. डायरीत दिसतं की सेंटरिंगची पावरा आदिवासी मजूर मंडळी भोंगऱ्याला, म्हणजे होळीआधीच्या त्यांच्या सणाच्या बाजाराला, गेली आणि होळीनंतरही लवकर परतली नाहीत. भोंगऱ्या दरवर्षी येतो, त्यांनी जायलाच हवं. वेळापत्रकात ते दिवस धरायला हवे होते. हे ३५ दिवस आपले म्हणून लिहून द्या. मी एका पुलाच्या कामात असे दिवस लपवले होते. लवादाने डायरी मागवली, ते सापडले, आणि ड्रॉइंगच्या उशिराचा आमचा रास्त दावाही अर्धा कापला गेला.

मुदतवाढ आणि पैसे वेगळे मागा. ११५ दिवस मिळाले तरी त्या सगळ्या दिवसांचा खर्च मिळेलच असं नाही. एकाच वेळी विभाग आणि कंत्राटदार दोघांची कारणं असलेल्या दिवसांत बहुधा दंड टळतो, भरपाई मिळत नाही. आणि करारातलं मुदतवाढीचं कलम आजच काढून पाहा, अडथळा आल्यापासून किती दिवसांत लेखी कळवायचं होतं ते. ताबा आणि ड्रॉइंगबद्दल तेव्हा पाठवलेली पत्रं पोचपावतीसह असतील तर ती प्रत्येक टप्प्यामागे जोडा. नसतील तर बैठकीची इतिवृत्तं आणि हिंडरन्स रजिस्टरमधल्या (कामातल्या अडथळ्यांच्या नोंदवहीतल्या) दोघांच्या सह्या शोधा.